राख नव्हती ती

गेल्या महिन्यात इथे सिडनीत, पेंडल हिलच्या रेल्वे स्टेशनजवळच्या दुकानात मी तूरडाळ घेत होते. एक तिशीची बाई जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तुम्हीच ना त्या शिसेवाल्या बाई?"

मी म्हटलं, "हो बाई, मीच ती. बोल."

तिचा नवरा बॅटऱ्यांच्या कारखान्यात लागला होता. रक्ताचा रिपोर्ट आला, त्यात शिसं जास्त निघालं, आणि तिने तो रिपोर्ट सासूला दिसू नये म्हणून पिठाच्या डब्याखाली सरकवून ठेवला होता. तिथेच उभ्या उभ्या मी तिला दहा मिनिटं जमेल तेवढं सांगितलं. घरी आले तरी डोक्यातून तो पिठाचा डबा जाईना. मीही असंच लपवलं होतं. म्हणून हे लिहायला बसले.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. रक्तातला आकडा किती म्हणजे किती वाईट, हे तुमच्या डॉक्टरला विचारा. मला सांगायचंय ते वेगळं आहे. आणि घाबरून अर्ध्यात वाचायचं सोडू नका. मी आज ठणठणीत आहे. खडू हातात धरते, पोरांवर ओरडते, रविवारी चर्चात मिस्साला चालत जाते.

शेवटचं घर

माझं माहेर वसईचं. नाव फिलोमिना. ऑस्ट्रेलियात आल्या दिवसापासून सगळ्यांनी ते 'फिल' करून टाकलं. नवरा डॉमनिक मेकॅनिकल इंजिनियर. सत्तरच्या दशकात गोऱ्यांखेरीज इतरांनाही इथे यायला मिळू लागलं, तेव्हा पहिल्या काही वर्षांत आम्ही आलो. त्याला नोकरी मिळाली ती सिडनीपासून कितीतरी लांब, एका शिसं वितळवायच्या कारखान्यात. गावाचं नाव घालत नाही. तिथे अजून माणसं राहतात आणि त्यांना कधीतरी घरं विकायची असतात.

गावाची मांडणी सांगते, कारण सगळं त्यातच आहे. टेकडीवर मोठ्या साहेबांचे बंगले. खाली स्टाफची घरं, ओळीने. मग कारखाना आणि त्याची उंच चिमणी. चिमणीपलीकडे रेल्वे लाइन, आणि लाइनीपलीकडे ऑस्ट्रेलियातल्या मूळ आदिवासींची तेरा घरांची वस्ती. तेरा घरांना मिळून दोन नळ. वारा जवळजवळ नेहमी टेकडीकडून वस्तीकडे.

स्टाफची ओळ कारखान्याच्या कडेने लाइनीपर्यंत जायची, तिच्यातलं अगदी शेवटचं घर आम्हाला दिलं, लाइनीला खेटून. मागे हे एवढं मोठं अंगण! मी हरखलेच. डॉमनिकला म्हटलं, "बघ, देवाने वाडी पाठवली." एवढं मोठं अंगण असलेलं घर दोन वर्षं रिकामं का पडलं होतं, हा प्रश्न मला पडला नाही. शिकलेल्या बाईला पडायला हवा होता.

मावा

आम्ही वसईचे वाडीवाले. माझ्या आजोबांच्या वाडीत रहाट होता, बावखलाचं, म्हणजे वाडीतल्या तळ्याचं पाणी होतं, केळी, वांगी, वाल, दुधी, काय नव्हतं! माती दिसली की आमच्या हातांना खाज सुटते. सहा महिन्यांत मी चवळी लावली, वांगी लावली, दोन मांडव घालून कारली चढवली. बी आईने हवाईपत्रात चिकटवून पाठवलं होतं. कस्टमवाल्यांनी हे वाचलं तर माफ करा.

मग चवळीवर मावा पडला. आमच्याकडे मावा पडला की काय करतात? पहाटेचं दव पानांवर असतं तेव्हा चुलीतली राख शिंपडायची. राख पानाला धरते आणि कीड मरते. शंभर वर्षं चाललेली रीत. पण इथे घरात इलेक्ट्रिकची शेगडी. राख आणू कुठून?

राख व्हरांड्यात होती. रोज झाडावी तरी रोज पडलेली. करडी, मऊ, बोटांत धरली तर पावडर. मी ती सुपलीत गोळा केली, मलमलच्या जुन्या फडक्यातून गाळली आणि दवावर शिंपडली. मावा गेला. मी खूश! डॉमनिक चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभा होता. हसत म्हणाला, "आईला लिही, राख कंपनी फुकट देते."

दीड वर्ष मी हे केलं. आठवड्यातून दोनदा, तोंडाला काही न बांधता.

डॉट

भाजी मुबलक आली, तशी मी वाटायला लागले. टेकडीवरच्या बायका "हाऊ लव्हली" म्हणून घ्यायच्या आणि दारामागे टाकून द्यायच्या, हे मला ठाऊक होतं. लाइनीपलीकडची डॉट मात्र कुंपणापाशी येऊन बोलायची. माझ्याच वयाची, चार मुलांची आई. तिची धाकटी शर्ली तिच्या कमरेला चिकटलेली असे. पोर चार वर्षांची, चेहरा ओढलेला, सारखं पोट धरून बसायची. आधी चुरूचुरू बोलायची म्हणे. मग बोलणं पुढे सरकलंच नाही, उलट मागे गेलं.

एकदा मी डॉटला म्हटलं, "मुलांचे हात धुवत जा गं जेवायच्या आधी. पोटदुखी थांबेल."

ती म्हणाली, "येस, मिसेस." त्यानंतर महिनाभर मी तिच्यासाठी फिल नव्हते, मिसेस होते.

माझ्या तोंडून ते वाक्य किती सहज आलं! आमच्या वाडीवर वारली बाया कामाला यायच्या. त्यांचे कप पडवीत वेगळ्या खिळ्यांना टांगलेले असत. त्यांची मुलं आजारी पडली की माझी आईही हेच म्हणायची, धुवत नाहीत गं. मी ते बोलणं वसईहून बियाण्यासारखं जपून आणलं होतं. याची लाज मला आजही वाटते, आणि ती वाटायलाच हवी.

तोंडात नाण्याची चव

सुरुवात पोटापासून झाली. आतून कुणी पिळे मारतंय असं दुखायचं. तोंडात सतत नाणं चोखल्यासारखी चव. जिना चढताना धाप. गावातल्या डॉक्टरने सांगितलं, नवा देश आहे, नर्व्हज आहेत, घरची आठवण येत असेल. गोळ्या दिल्या. मी खाल्ल्या. आठवण तर येतच होती, म्हणून मला ते पटलंही.

मग मनगट गेलं. मी तिथल्या शाळेत शिकवायचे, फळ्यावर लिहिताना खडू सुटून पडायचा. घरी वाटी पडायची. माझी मुलगी अनिता तेव्हा नऊ वर्षांची. म्हणायची, "मम, यू ड्रॉप्ड इट अगेन." मी हसण्यावारी न्यायचे. डॉमनिकला एक अक्षर सांगितलं नाही. आजारी बायकोला कंपनी परत पाठवते असं कुणीतरी सांगितलं होतं, आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता.

एका सोमवारी वर्गातच कोसळले.

गावच्या हॉस्पिटलात सिस्टरने मला ट्रॉलीवर घेतलं आणि कॉरिडॉरच्या मध्ये थांबली. समोर वॉर्ड, खिडक्या, पडदे. मागच्या बाजूला व्हरांड्यातल्या खाटा, तिथे वस्तीतल्या बायका. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण व्हायचं तसंच. मी कुठल्या बाजूची, हे तिला कळेना. शेवटी डॉमनिकने कंपनीचं स्टाफ कार्ड दाखवलं आणि ट्रॉली वॉर्डाकडे वळली. पोटात कळा येत होत्या तरी मी ते पाहिलं. आणि खरं सांगू? मला हायसं वाटलं.

यादीतला पुढचा प्रश्न

स्टाफच्या बायकोचं रक्त तपासायला आठवडा लागला. वस्तीतल्या एकाही मुलाचं रक्त कधीच तपासलं गेलं नव्हतं.

आठव्या दिवशी कंपनीचा डॉक्टर खुर्ची ओढून बसला. शिसं, म्हणाला. भरपूर. मला वाटलं होतं कॅन्सर असेल, म्हणून पहिल्यांदा मी देवाचे आभारच मानले. मग त्याने खिशातून यादी काढली.

"तुम्ही कपाळाला ते लाल लावता, कुंकू. कधीपासून?"

"लावत नाही. मी कॅथलिक आहे."

"भारतातून काळी औषधं? भस्म?"

"डॉक्टर, आमच्याकडे ताप आला तर क्रोसिन घेतात आणि मदर मेरीला मेणबत्ती लावतात."

बिचाऱ्याची यादी संपली. तेव्हा मीच आपण होऊन सांगितलं. भाजी, मावा, राख. त्याचा चेहरा असा काही खुलला! भराभरा लिहून घेतलं. जाताना माझा हात थोपटला.

मी पांघरूण तोंडावर ओढून रडले. आपल्याच हाताने विष चाळून, गाळून मी जेवणात घातलं. नवऱ्याला घातलं. अनिताला. आणि टोपल्या भरभरून डॉटच्या मुलांना. शर्लीचं पोट माझ्यामुळेच दुखतंय, अशी माझी खात्री झाली.

शहरातलं हॉस्पिटल

मला शहरात हलवलं. तिथे रक्तातलं शिसं ओढून काढायचं औषध सलाइनमधून देत. पाच दिवस द्यायचं, मग विश्रांती, मग पुन्हा. औषधाने तोंडाला कोरड पडे, अंग मोडून येई. सकाळी सहाला चहा, साडेसहाला रक्त, आठला पांढऱ्या ब्रेडचा तुकडा. शेजारच्या खाटेवर एक ग्रीक आजीबाई होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला ग्रीक येत नव्हतं, आम्ही रोज संध्याकाळी एकत्र रोजरी म्हणायचो. त्यांचे मणी मोठे, माझे छोटे. कुठे चुकलं तर त्या माझ्या गुडघ्यावर चापट मारायच्या. त्या दिवसांत तेवढ्यानेही बरं वाटायचं.

माझ्यावर उपचार करत होती डॉक्टर एलेनी. तिशीची, ग्रीक आईबापांची पोर, आजीबाईंशी त्यांच्या भाषेत बोलायची. ती मला स्पष्ट म्हणाली, "फिल, तुझं मनगट परत येईल. वेळ लागेल. तोवर धीर सोडू नकोस, आणि खुशाल आळस कर."

रविवारी डॉमनिक यायचा, सहा तास गाडी चालवून. एका रविवारी मी त्याला धरलं. "तू इंजिनियर ना? तुला माहीत नव्हतं ती धूळ कसली ते?"

तो नखांकडे बघत म्हणाला, "ती राख नाही एवढं माहीत होतं. अपायकारक नाही असं मॅनेजर म्हणाले. मी पुढे विचारलं नाही."

"का?"

"सगळ्या ऑफिसात मी एकटा सावळा आहे गं. विचारणारा पहिला मीच कशाला होऊ?"

मी त्याच्याशी दोन रविवार बोलले नाही. नंतर कळलं, त्याचा आकडाही वाढलेला होता. अनिताचाही. तो ऐकून तर मी पार खचले. माझ्याच भाज्या, अजून काय!

फळांची टोपली

तिसऱ्या आठवड्यात कंपनीचा एक साहेब आला. सोबत सेलोफेन लावलेली फळांची टोपली. अतिशय गोड माणूस. त्याने एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की माझा आजार माझ्या मायदेशातल्या बागकामाच्या सवयीतून झाला, कारखान्याशी त्याचा संबंध नाही. मी सही केली की डॉमनिकची बदली सिडनी ऑफिसात. मोठं शहर, चांगली शाळा, आपली माणसं.

"सगळ्यांच्याच मनाला शांती मिळेल," साहेब म्हणाला.

डॉमनिकने पेन उघडून माझ्या हातात दिलं. मला ते धड धरताही येत नव्हतं. खोटं काय होतं त्यात? मी शिंपडली होतीच राख. सही करायला मी मनाने तयार होते. फक्त पेन हातात ठरेना म्हणून म्हटलं, उद्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्स म्हणाली, "तुला भेटायला कोणीतरी आलंय. पण ती आत येत नाही."

खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या पलीकडे, झाडाखाली डॉट उभी. कमरेला शर्ली. शहरात तिची बहीण राहायची, तिच्याकडे आली होती. मी गाऊनवर कोट चढवला आणि सलाइनचा स्टँड ढकलत रस्ता ओलांडला. गाड्यांनी हॉर्न मारले.

"आत का येत नाहीस?"

"पोरीला घेऊन हॉस्पिटलात? नाही येणार."

तिने मग सांगितलं. ती सहा वर्षांची असताना तिला खोकला झाला होता. आईने हॉस्पिटलात नेलं. तिथे एका बाईने आईपुढे कागद धरला, तपासणीसाठी आहे म्हणाली, आणि आईने सही केली. त्या सहीवर सरकारने डॉटला आईपासून काढून संस्थेत ठेवलं, ती पुन्हा घरी गेली सोळाव्या वर्षी. तोवर आई वारलेली होती. वस्तीतल्या बायका मुलांचं दुखणं लपवतात ते यामुळे. मूल आजारी आणि आई काळी, की सरकारी वेल्फेअरवाले मूल उचलायला दारात उभे.

आणि मी हिला हात धुवायला सांगत होते.

मी रडत रडत तिला माझा गुन्हा सांगितला. राख, भाजी, शर्ली. ती ऐकत होती आणि तिच्या भुवया वर चढत होत्या.

"कारली म्हणतेस ती? हिरवी, खरबरीत?"

"हो."

"फिल, ती आम्ही कुणीच खाल्ली नाहीत. एक घास घेतला नि सगळी ओढ्यात टाकली. वर्षभर टाकतोय. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"आणि चवळी?"

"चवळी मी खायचे. पोरं तोंड लावत नाहीत. आणि शर्ली तर तू गावात यायच्या आधीपासून पोट धरून बसते. तू आमच्या घरी कधी राख शिंपडलीस?"

 जेजू! अनिताही भाजीला तोंड लावत नव्हती. फक्त चिप्स खायची. तिचा आकडा वाढलेला होता, तो मी ऐकला होता, आणि अपराधीपणाच्या भरात साधी बेरीज केली नव्हती. मी शिंपडली त्याने मी जास्त आजारी पडले, खरं. पण ती धूळ माझ्या व्हरांड्यात मी नव्हती आणली.

यादी

संध्याकाळी साहेब आला. डॉमनिकही होता, सहीसाठी कंपनीने त्याला सुट्टी दिली होती. एलेनीला मी मुद्दाम थांबवून घेतलं होतं.

"सही करते," मी म्हटलं, "पण आधी एक काम राहिलंय. माझ्या भाजीत विष होतं, हे तुम्हीच लिहून आणलंय. मग ती भाजी मी ज्यांच्या ज्यांच्या घरी दिली, त्या सगळ्यांचं रक्त तपासायला नको का? मुलं आहेत हो त्यांत." आणि यादी पुढे केली. वस्तीतली तेराच्या तेरा घरं. प्रत्येक घरी मी टोपली दिली होतीच. कुणी काय ओढ्यात टाकलं, ते मी का सांगू?

साहेब म्हणाला, "त्याची काही गरज नाही."

एलेनी म्हणाली, "गरज आहे. तुमच्याच कागदाप्रमाणे." आणि तो कागद तिने घडी करून कोटाच्या खिशात टाकला.

 डॉमनिकने माझ्या हातातलं पेन घेतलं, टोपण लावलं आणि आपल्या खिशाला अडकवलं. मला तेवढं पुरलं.

डॉटने अटी घातल्या. कुठलंही मूल आईशिवाय कुठल्याही इमारतीत जाणार नाही. रक्त घरी येऊन घ्यायचं, आईच्या मांडीवर. प्रत्येक कागदाची एक प्रत आईच्या हातात. एलेनीने सगळ्या मानल्या. एका शनिवारी ती एक नर्स घेऊन वस्तीत गेली. डॉट घरोघर तिच्यापुढे चालत होती. टेकडीवरच्या काही मुलांचंही रक्त घेतलं, त्यांच्या आयांना माझ्या भाजीची भीती वाटली म्हणून. ती भाजी त्यांनी कचऱ्यात टाकली होती, हे त्या विसरल्या असाव्यात.

आकडे आले. टेकडीवर कमी. स्टाफच्या ओळीत चिमणीकडे येऊ तसे जास्त. आणि लाइनीपलीकडे, जिथे कुणी कारल्याचा तुकडा गिळला नव्हता, तिथे सगळ्यांत जास्त. डॉक्टर नको, पाचवीतलं पोरही त्यावरून बोट ठेवून सांगेल की हे कुठून आलं.

पुढे काय झालं

साबण वाटला. हो, कंपनीने पहिल्यांदा साबण वाटला आणि 'हात धुवा' असं चित्रांचं पत्रक. दोन नळांच्या वस्तीत. डॉटने सभेत उभं राहून विचारलं, "हात धुतो. वारा कुणी धुवायचा?" 

ते सगळं इथे लिहीत बसत नाही. चौकशी झाली, पेपरात आलं, पाच-सहा वर्षं गेली. चिमणीला गाळण्या बसल्या. स्टाफच्या अंगणांतली माती आधी बदलली, वस्तीतली कितीतरी मागाहून. तेही डॉट आणि बाकीच्या बाया ऑफिसच्या पायऱ्यांवर मुलं घेऊन बसल्या तेव्हा. काही घरं हलवली. सगळी नाही. डॉमनिकला राजीनामा द्यायला लावला, तो वर्षभर घरात घुमा होता, आम्ही भांडलो, सिडनीला आलो, तो सावरला. माझी सही राहूनच गेली.

आता पेंडल हिलच्या त्या मुलीसाठी. नवऱ्याचे कामाचे कपडे वेगळे धू, घरच्यांत मिसळू नकोस. घर कोरडं झाडू नकोस, ओल्या फडक्याने पूस. रिपोर्ट डब्याखालून काढ आणि सासूला दाखव, त्या तुझ्यापेक्षा जास्त दिवस जगल्यात, घाबरणार नाहीत. मुलांचं रक्त तपासून घे. आणि कुणी म्हणालं की हे तुमच्या सवयींमुळे, तुमच्या खाण्यामुळे, तुमच्या देशामुळे, तर रडत बसू नकोस. शांतपणे विचार की शेजाऱ्यांचा आकडा किती आहे. नवऱ्यासोबत काम करणाऱ्यांचा किती आहे. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. मी फार उशिरा विचारलं.

एक दिवस मात्र सांगायचा राहिला.

वस्तीत सगळ्यांत मोठा आकडा शर्लीचा निघाला. तिला सलाइन लागणारच होतं, म्हणजे हॉस्पिटल. डॉट पुन्हा बहिणीकडे आली होती, तिथे एलेनीने तिला सांगितलं तेव्हा मीही सोबत होते. डॉट म्हणाली, "नाही." मग दोन दिवसांनी म्हणाली, "मी तिच्या खाटेखाली झोपेन. बाहेर काढलंत तर तिला घेऊन निघेन." एलेनीने खाटेशेजारी खाट टाकून दिली. माझंही तेव्हा औषधाचं पुढचं आवर्तन चालू होतं, म्हणून आम्ही एकाच मजल्यावर होतो. एकोणीस दिवस डॉट त्या खोलीतून संडासाला जायची तेसुद्धा मला किंवा आजीबाईंना दाराशी बसवून. कुणी फाइल घेऊन आत आलं की ती उठून उभी राहायची. शर्ली सुयांना आधी ओरडायची, मग सवयीने हात पुढे करायला लागली. बाराव्या दिवशी तिने आजीबाईंकडे बघून स्वच्छ म्हटलं, "मोअर कस्टर्ड." डॉट भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

विसाव्या दिवशी शर्लीला आणि मलाही घरी सोडायचं ठरलं. डॉमनिक गाडी घेऊन आला. काउंटरवरच्या बाईने एक कागद पुढे केला. "इथे सही करा."

डॉटचा रंगच उडाला. तिने कागद उचलला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागली, ओठ हलवत. मागे रांग थांबली. कुणीतरी उसासा टाकला. मी वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. तिने कागद उलटून मागची बाजूही वाचली, जी कोरी होती. मग विचारलं, "हे मुलीला माझ्याबरोबर सोडण्यासाठी आहे? दुसरं काही नाही?"

"दुसरं काही नाही," बाई म्हणाली.

डॉटने सही केली. सावकाश, पूर्ण नाव. शर्लीला उचललं आणि निघाली. जिन्याकडे नाही, मागच्या दाराकडे नाही, समोरच्या मोठ्या दारातून. मी तिच्यामागे, डॉमनिक पिशव्या घेऊन माझ्यामागे.

ती मागच्या सीटवर बसली, शर्ली मांडीवर. डॉमनिकने गाडी सुरू केली. फाटक गेलं, सिग्नल गेला, शहर मागे पडलं, तरी डॉट मान वळवून मागच्या काचेतून रस्ता बघत होती, कुणी येतंय का. मीही बघत होते.

कुणी आलं नाही.